आधी डाग ओळखा, मग गन हातात घ्या: हंगामी प्रेशर वॉशिंगच्या धंद्याचा क्रम

प्रेशर वॉशिंगच्या धंद्यात नव्याने उतरणारे बहुतेक जण आधी जास्तीत जास्त पीएसआयचे (पाण्याचा दाब मोजण्याचे एकक) मशीन घेतात. रसायनांचा विचार डाग निघेनासा झाला की सुरू होतो. मग नोझल भिंतीच्या जवळ जाते, रंगाचे पोपडे उडतात, लाकडाचे तंतू उभे राहतात, काँक्रीटवर पट्टे उमटतात आणि डाग तिथेच राहतो. डाग सोडवण्याचे काम रसायन आणि वेळ करतात. पाणी सुटलेला मळ वाहून नेते. हा क्रम उलटा झाला की पृष्ठभागही जातो आणि गिऱ्हाईकही.

खालचे टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. ज्यांच्याकडे आधीच मशीन आहे त्यांनीही पहिला टप्पा टाळू नये, कारण धंदा बुडतो तो बहुतेक वेळा तिथेच.

## टप्पा १: हंगामाचे खरे तास मोजा

हंगामी धंद्याचा खर्च बारा महिने चालतो, कमाई मात्र काही आठवड्यांतच होते. समजा हंगाम २० आठवड्यांचा आहे आणि आठवड्यात ५ दिवस काम करायचे आहे. कागदावर १०० दिवस दिसतात. पाऊस, जोराचा वारा, बिघाड आणि रद्द झालेली कामे यांचे २० दिवस वजा करा, राहिले ८०. आठ तासांच्या दिवसात प्रवास, पाइप पसरणे, झाकाझाक, आवराआवर आणि गिऱ्हाइकाशी बोलणे गेले की प्रत्यक्ष धुण्याचे साधारण ५ तास उरतात. म्हणजे हंगामाचे ४०० तास.

वर्षभराचा स्थिर खर्च, म्हणजे विमा, वाहन, मशीनची झीज, जागा आणि परवाने, या ४०० ने भागायचा. दर ठरवताना लोक १०० दिवस गुणिले ८ तास असे ८०० धरतात. तिथे प्रत्येक तासावर खर्चाचा अर्धाच वाटा चढतो आणि हंगामाच्या शेवटी काम भरपूर झालेले असूनही हातात काही उरत नाही. उरलेला अर्धा कुठे गेला, हे मग वहीत शोधून सापडत नाही.

त्यावर चालू खर्च येतो: इंधन, रसायन, नोझल आणि सीलची झीज, मदतनिसाची मजुरी. भाव चौरस मीटरवर सांगायचा असला तरी हिशेब तासावरच करा. पहिल्या काही कामांत घड्याळ लावून तासाला किती चौरस मीटर होतात ते पृष्ठभागाप्रमाणे वेगवेगळे लिहून ठेवा. दुसऱ्याचा आकडा उसना घेऊ नका. त्याचे मशीन, त्याचा पाइप आणि त्याच्या वाट्याला आलेला मळ वेगळा असतो.

प्रत्येक कामाला किमान आकारणी ठेवाच. दहा चौरस मीटरची पायरी धुवायलाही गाडी तीच निघते, पाइप तेवढाच पसरावा लागतो.

नोंदणी घेताना प्रत्येक आठवड्यात एक दिवस मोकळा सोडा. पावसाने ढकललेली कामे तिथे बसतात. सगळे दिवस भरले की एका पावसाने पुढचे तीन आठवडे विस्कटतात.

## टप्पा २: मशीन, पाणी आणि नोझल यांचा मेळ घाला

रसायनाने सैल झालेला मळ दाब सुटा करतो, प्रवाह तो वाहून नेतो. मोठ्या जागेसाठी जास्त लिटरचे मशीन जास्त पीएसआयच्या मशीनपेक्षा लवकर काम उरकते. मिनिटाला १५ लिटर आणि ३००० पीएसआय, म्हणजे साधारण २०० बार, हे बहुतेक कामांना पुरते.

पाण्याची आवक. नळाखाली २० लिटरची बादली ठेवा आणि वेळ मोजा. ६० सेकंदांत भरली तर मिनिटाला २० लिटर. ही आवक पंपाच्या प्रवाहापेक्षा जास्त हवी. कमी असेल तर पंप पाण्याऐवजी पोकळी ओढतो, खडखडतो आणि आतले व्हॉल्व्ह व सील खराब होतात. अशा ठिकाणी फ्लोट व्हॉल्व्ह लावलेली मधली टाकी ठेवा आणि पंप टाकीवर चालवा. आत येणाऱ्या पाण्याची जाळी रोज धुवा.

नोझल. रंगावरून कोन कळतो: लाल ०°, पिवळा १५°, हिरवा २५°, पांढरा ४०°, काळा म्हणजे साबणाचे रुंद, कमी दाबाचे नोझल. लाल नोझल पेटीतून काढून ठेवले तरी चालेल. धुण्याच्या कामात त्याने फायद्यापेक्षा नुकसान जास्त होते. नोझलवरचा आकडा मात्र कोन सांगत नाही, छिद्राचे माप सांगतो. ४०००पीएसआयला मिनिटाला किती अमेरिकन गॅलन पाणी जाईल, तो हा आकडा. १५ लिटर म्हणजे सुमारे ४ गॅलन. ३००० पीएसआयसाठी ४ ला ४०००/३००० च्या वर्गमुळाने गुणले की ४.६ येते, म्हणजे ४.५ चे नोझल.

फिरता सरफेस क्लीनर, म्हणजे फरशीवर फिरवायचे झाकण. त्यात फिरत्या दांड्यावर दोन नोझल असतात, म्हणून प्रवाह वाटला जातो. या मशीनला २.२५ किंवा २.५ ची जोडी लागते. चूक अशी होते की गनवरचे ४.५ चेच नोझल दोन्हीकडे बसवतात. छिद्र दुप्पट झाले की दाब चौथाईवर येतो. ३००० चा ७५० होतो. मग "मशीन कमजोर आहे" म्हणून लोक अनलोडरचा, म्हणजे ट्रिगर सोडल्यावर पाणी परत वळवणाऱ्या व्हॉल्व्हचा, स्क्रू आवळत बसतात.

> इशारा: अनलोडर आवळून दाब वाढवू नका. दाब कमी असेल तर आधी नोझलची झीज, आवक आणि जाळी पाहा. अनलोडर गरजेपेक्षा आवळला तर ट्रिगर सोडताच दाब उसळतो आणि पाइप किंवा पंपाचे डोके फुटू शकते.

ट्रिगर सोडल्यावर पंप तेच पाणी आतल्या आत फिरवतो आणि पाणी तापू लागते. दोन मिनिटांपेक्षा जास्त थांबायचे असेल तर मशीन बंद करा. थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह गरम पाणी टाकू लागला म्हणजे आपण आधीच जास्त वेळ थांबलो आहोत.

> तपासा: पंपाचे तेल दुधाळ दिसते का? दिसत असेल तर तेलात पाणी शिरले आहे. तेल बदलून काम पुढे रेटू नका, सील पाहा.

## टप्पा ३: रसायनांची फळी ठरवा

दहा डबे लागत नाहीत. डागाचे मूळ चार प्रकारचे असते आणि प्रत्येकाला एक गट पुरतो.

सजीव मळ म्हणजे शेवाळ, बुरशी, दगडफूल. त्याला सोडियम हायपोक्लोराइट, धंद्यात ज्याला नुसते हायपो म्हणतात ते. ते पेशी मारते आणि रंगद्रव्य फिके करते. तेलावर ते जवळपास काहीच करत नाही आणि गंज तर आणखी वाढवते.

तेल आणि ग्रीस यांना क्षारधर्मी डिग्रीझर. त्यात कॉस्टिक सोडा, मेटासिलिकेट आणि पृष्ठक्रियाकारके (साबणासारखी तेल सोडवणारी द्रव्ये) असतात. कॉस्टिक वनस्पतिजन्य आणि प्राणिजन्य चरबीचा साबण करतो. इंजिन ऑइलचा तसा साबण होत नाही. तिथे पृष्ठक्रियाकारक आणि गरम पाणी काम करतात. म्हणूनच स्वयंपाकघराच्या मागच्या फरशीवर कमाल करणारा डिग्रीझर गॅरेजच्या फरशीवर फिका पडतो. ८० ते ९० अंश सेल्सिअसचे पाणी देणारे मशीन असेल तर अशा कामात रसायन बरेच कमी लागते.

गंज, पानांचे तपकिरी डाग, काळवंडलेले लाकूड यांना ऑक्झॅलिक आम्ल, लिटरला ३० ते ६० ग्रॅम. ते लोहाला बांधून घेते आणि डाग धुतला जातो. पोटात गेले तर विषारी आहे, पूड उडू देऊ नका.

पांढरे क्षार आणि सिमेंटचे शिंतोडे यांना आम्ल लागते. आधी कोरडा ब्रश मारा. नवे क्षार त्यानेच निघतात. मग सौम्य आम्ल, सायट्रिक किंवा फॉस्फोरिकवर आधारलेले. हायड्रोक्लोरिक आम्लाकडे शेवटी वळायचे: सिमेंटचे सांधे खाते, वाफेने आजूबाजूचे लोखंड गंजवते. सवय नसलेल्याने ते गाडीत ठेवूच नये. हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असलेली उत्पादने तर दुकानातच सोडून या. ती कातडीतून आत जाऊन कॅल्शियम पकडतात. जखम छोटी दिसते आणि जीव जाऊ शकतो.

लाकडासाठी पाचवा डबा ठेवायचा असेल तर सोडियम परकार्बोनेट, लिटरला सुमारे ६० ग्रॅम, कोमट पाण्यात. ते पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा देते. द्रावण काही तासांत निकामी होते, म्हणून लागेल तेवढेच बनवा. उरलेले बंद डब्यात ठेवलात तर वायूने डबा फुगतो किंवा फुटतो.

> इशारा: हायपो आणि कोणतेही आम्ल एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरही आम्लच आहे. हायपो आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन. यांचे डबे गाडीत वेगवेगळ्या बाजूला, वेगवेगळ्या प्लॅस्टिक टबांत ठेवा. मापाचे भांडे, फवारणी पंप आणि ब्रशही वेगळे. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात, तळघरात साठतो. वास लागला तर वाऱ्याच्या उलट दिशेने, उंचाकडे निघून जा. आधी माणसे बाहेर काढा, डबा मागून पाहू.

हातात नायट्राइल किंवा पीव्हीसीचे लांब हातमोजे, डोळ्यांना बंद गॉगल, पायात रबरी बूट. कापडी किंवा धुळीचा मास्क क्लोरीनपुढे शून्य. आम्लवायूचे कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटर लागतो. कॉस्टिक अंगावर पडले तर सुरुवातीला फारसे झोंबत नाही, पण खोल जाते. ताबडतोब भरपूर पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे धुवा आणि डॉक्टरकडे जा. कातडीवर आम्ल टाकून "उदासीन" करायचा विचार मनातही आणू नका.

आम्ल असो वा कॉस्टिक, नेहमी थंड पाण्यात हळूहळू घालायचे. आम्लावर किंवा कॉस्टिकवर पाणी ओतले तर उष्णतेने उकळी फुटते आणि तोंडावर उडते.

## टप्पा ४: हायपोचे माप

इथे चुका सगळ्यात जास्त होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

पहिली गोष्ट, लेबलवरचा आकडा खरा मानू नका. हायपो पडून पडून मरतो. ऊन, उष्णता आणि धातूचे कण त्याला लवकर मारतात, आणि जितका तीव्र तितका लवकर उतरतो. १२ टक्के म्हणून आणलेला डबा तापलेल्या गाडीत राहिला तर काही आठवड्यांत बराच खाली येतो. उच्च तीव्रतेच्या चाचणी पट्ट्या किंवा टायट्रेशनचा (थेंब मोजून तीव्रता काढण्याचा) किट घ्या आणि प्रत्येक नव्या डब्याला व दर आठवड्याला मोजा. साठा सावलीत, प्लॅस्टिकच्या डब्यात, हवा सुटणाऱ्या झाकणाखाली. दोन आठवड्यांच्या कामापुरताच आणायचा. स्वस्त मिळतो म्हणून हंगामभराचा एकदम भरून ठेवला तर शेवटी महाग पाणी फवारत बसाल.

दुसरी गोष्ट, सूत्र एकच आहे:

हवी ती टक्केवारी × टाकीचे लिटर ÷ साठ्याची मोजलेली टक्केवारी = हायपोचे लिटर

६० लिटरच्या टाकीत १ टक्का हवा आणि साठा लेबलप्रमाणे १२ टक्के असेल तर ५ लिटर. पट्टीने ९ टक्के दाखवले तर ६.७ लिटर. लेबलवर विश्वास ठेवला असता तर भिंतीवर ०.७५ टक्का गेला असता आणि "या वेळी निघत नाही" म्हणून कोणीतरी दाब वाढवला असता.

पृष्ठभागावर किती पोहोचायला हवा? रंगवलेल्या भिंतीला ०.५ ते १ टक्का. काँक्रीटच्या शेवाळाला २ ते ३. कौलांवरच्या जुन्या काळ्या थराला ३ ते ४. यापेक्षा वर जाण्याने वेग वाढत नाही. झाडे, धातू आणि कपडे मात्र जातात.

"एकास दहा" या बोलण्याने दर हंगामात घोळ होतो. एक भाग रसायन अधिक दहा भाग पाणी म्हणजे अकरा भाग. १० टक्क्यांचा साठा तसा मिसळला तर १ नव्हे, ०.९ टक्के येतो. इथे फरक छोटा आहे. एकास तीनमध्ये मात्र चौथा भाग आणि तिसरा भाग एवढा पडतो.

तिसरी गोष्ट, इंजेक्टर मोजा. पंपानंतर बसणारा डाउनस्ट्रीम इंजेक्टर काळ्या नोझलवर कमी दाबात रसायन ओढतो. किती ओढतो ते डब्यावरून समजत नाही. असे करा:

१. मापाच्या भांड्यात साधे पाणी घ्या आणि ओढणारी नळी त्यात सोडा.
२. कामाला लागतो तेवढा पूर्ण लांबीचा पाइप जोडा. पाइप बदलला की ओढ बदलते.
३. काळ्या नोझलने २० लिटरची बादली काठोकाठ भरा.
४. भांड्यातले पाणी किती उतरले ते पाहा.

१.५ लिटर उतरले तर ओढ ७.५ टक्के. १० टक्क्यांचा हायपो सरळ ओढू दिला तरी भिंतीवर ०.७५ टक्का पोहोचणार. घराच्या भिंतीला हे ठीक आहे. कौलांना ३ टक्के हवे असेल तर या मार्गाने ते कधीच मिळणार नाही; त्यासाठी १२ व्होल्टचा वेगळा डायफ्रॅम पंप आणि टाकी लागते.

हायपोत मिसळायचा साबण हायपो सहन करणारा आहे का ते बाटलीवर वाचा. भांडी घासायचा कोणताही साबण चालतो ही समजूत चुकीची; काहींत आम्ल, काहींत अमोनियाची संयुगे असतात.

> तपासा: दिवसाच्या शेवटी इंजेक्टरमधून ३ मिनिटे स्वच्छ पाणी ओढले का? नाही ओढले तर आतली गोळी आणि स्प्रिंग चिकटते, आणि उद्या "साबण येत नाही" ही तक्रार सुरू होते.

## टप्पा ५: पाहणी, चाचणी आणि कोटेशन

फोनवर भाव देऊ नका. फोटोत तेल आणि बुरशी सारखीच काळी दिसतात.

जागेवर तीन थेंबांत बरेच कळते. पाण्याचा थेंब टाका: मणी होऊन बसला तर वर तेल किंवा सीलर (पाणी शिरू न देणारा लेप) आहे. पातळ हायपोचा थेंब टाका: दोन-तीन मिनिटांत फिका पडला तर मळ सजीव आहे. नारिंगी-तपकिरी डागावर, हायपो न लागलेल्या जागी, ऑक्झॅलिकचा थेंब टाका: उजळला तर लोह आहे. पांढरा थर पाण्याने दिसेनासा होऊन सुकल्यावर परतला तर क्षार. नुसते धुऊन तो जाणार नाही, भिंतीत पाणी कुठून शिरते ते मालकाने आधी थांबवायला हवे.

रंगावर बोट फिरवा. बोटाला पांढरी भुकटी लागली तर रंग ऊन लागून विटला आहे. अशा भिंतीवर पाण्याचा जोर गेला की पट्टे पडतात आणि ते धुण्याने बुजत नाहीत. हे काम घ्यायचे तर मऊ ब्रशने, नाहीतर सोडायचे.

संगमरवर, चुनखडी आणि टेराझो यांवर आम्ल कधीच नाही. चमक तिथल्या तिथे जाते. ॲल्युमिनियम तीव्र आम्ल आणि कॉस्टिक दोन्हींनी काळवंडते. काँक्रीट २८ दिवसांपेक्षा नवे असेल तर हात लावू नका. सांध्यांचा चुना हाताने खरवडून निघत असेल, गिलावा ठोकल्यावर पोकळ वाजत असेल, खिडकीच्या दुहेरी काचेत धुके असेल तर ते फोटोसह लिहून ठेवा आणि काम सुरू होण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवा.

कोटेशनवर "काय निघणार नाही" असा एक वेगळा रकाना ठेवा. जुन्या तेलाची सावली, टायरच्या रबराचे डाग, खोल गंज. दगडफूल मेल्यावरही आठवडे-महिने चिकटून राहते आणि पावसाने हळूहळू झडते, हेही तिथेच लिहा. हा रकाना नसला तर शेवटचा हप्ता त्यासाठीच अडतो.

धुतलेले पाणी कुठे जाणार तेही याच भेटीत पाहा. पावसाळी गटार बहुतेक ठिकाणी थेट ओढ्या-नदीला मिळते. तोंडावर अडवणी घालून पाणी हिरवळीकडे वळवता येईल, की उपसून सांडपाण्याच्या वाहिनीत सोडावे लागेल, त्यावर कामाचा वेळ ठरतो. तेलकट पाणी हिरवळीवरही नको. त्या जागेचे नियम काय ते आधी विचारून घ्या.

## टप्पा ६: कामाच्या दिवशीचा क्रम

१. झाका आणि हलवा. बाहेरचे प्लग, दिवे, बेल, कुलपे टेपने बंद करा. खिडक्या लावून घ्या. पेट्रोलचे मशीन उघड्यावरच; शेडमध्ये किंवा खिडकीखाली ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरतो. विजेच्या मशीनला गळतीसंरक्षक स्विच हवाच.

२. झाडे चिंब भिजवा. पाने आणि माती दोन्ही. भिजलेली माती हायपो कमी शोषते. काम चालू असताना आणि नंतर पुन्हा भिजवा. प्लॅस्टिकने गच्च झाकून उन्हात ठेवू नका, झाडे आतल्या आत शिजतात.

३. कोपऱ्यात चाचणी करा. एक हात लांब-रुंद जागा, ठरवलेले रसायन, ठरवलेला वेळ, ठरवलेला दाब. वाळू द्या. ओल्या भिंतीवर सगळेच स्वच्छ दिसते.

४. रसायन खालून वर लावा. कोरड्या भिंतीवर वरून ओघळलेल्या रेघा राहतात. खालून वर गेलात तर ओघळ आधीच ओल्या झालेल्या भागावर येतो. सावलीच्या बाजूने सुरू करून उन्हाच्या मागे-मागे फिरा. आम्ल किंवा कॉस्टिक लावण्याआधी सच्छिद्र भिंत पाण्याने भिजवायची, म्हणजे रसायन आत शोषले जात नाही. हायपोपूर्वी तेवढी भिजवू नका, तो पातळ होतो.

५. थांबा. ५ ते १० मिनिटे. हा सगळ्यात अवघड टप्पा, कारण हात स्वस्थ बसत नाहीत. थर वाळू लागला तर पुन्हा हलका फवारा द्या. वाळलेले रसायन काच आणि धातूवर डाग ठेवते. थंडीत, १० अंशांच्या खाली, रसायन मंदावते. वेळ वाढवा, तीव्रता नको.

६. वरून खाली धुवा. भिंतीला कमी दाब आणि ४०° चे नोझल. पाण्याचा मारा कधीही खालून वर, पट्ट्यांच्या किंवा कौलांच्या फटीत जाईल असा नको. लाकडाला ५०० ते ८०० पीएसआय, ३० सेंटिमीटर अंतर, रेषेच्या दिशेने. काँक्रीटला २५०० ते ३००० आणि सरफेस क्लीनर. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर तिसरा हिस्सा चढवून. चाल एकसारखी ठेवा. घाई केली तर वर्तुळे राहतात आणि ती जागा सुकल्यावर गिऱ्हाईकच दाखवतो. कौलांना दाब नाही, फक्त रसायन आणि नळाचे पाणी.

७. फरशी शेवटी. वरचा मळ तिथेच येतो. सुरुवातीला फरशी धुणारे ती दोनदा धुतात.

८. उदासीन करा, पण योग्य रसायनाने. हायपो थांबवायला सोडियम थायोसल्फेट. व्हिनेगर नव्हे. लाकडाला परकार्बोनेटनंतर ऑक्झॅलिकचा हलका हात दिला की काळपटपणा जातो. ज्या जागी हायपो वापरला तिथे आम्ल न्यायचे असेल तर मध्ये भरपूर पाण्याने धुवायचे. वास पूर्ण जाईपर्यंत आम्लाचा डबा उघडू नका.

> इशारा: पाण्याची धार हाताच्या कातडीतून आत गेली तर बाहेर टाचणीएवढे भोक दिसते, दुखतही नाही. तरीही ती शस्त्रक्रियेची तातडीची वेळ असते. पट्टी बांधून काम पुढे चालू ठेवू नका. रुग्णालयात जा आणि किती दाब होता, पाण्यात कोणते रसायन होते ते सांगा. नोझल बदलताना मशीन बंद, ट्रिगर दाबून दाब सोडलेला आणि लॉक लावलेला असला पाहिजे.

> तपासा: निघण्याआधी काचा, दारांच्या बिजागऱ्या आणि कुंड्या पुन्हा पाण्याने धुतल्या का? टेप काढल्या का? ओल्या भिंतीचा आणि सुकलेल्या भिंतीचा, दोन्ही फोटो घेतले का?

## टप्पा ७: हंगाम संपताना

उरलेला हायपो पुढच्या हंगामासाठी ठेवू नका. शेवटच्या तीन आठवड्यांत खरेदी कमी करत साठा संपवा. ऑक्झॅलिक आणि परकार्बोनेटची पूड कोरड्या जागी, एकमेकांपासून दूर टिकते; परकार्बोनेटला ओल लागली की ते आपोआप उतरते.

पंपाचे तेल पहिल्या ५० तासांनंतर आणि पुढे मशीनच्या पुस्तिकेप्रमाणे बदलायचे असते. हंगाम संपताना बदलाच, म्हणजे जुन्या तेलातला ओलावा महिनोनमहिने आत बसत नाही. पेट्रोल टाकीत तसेच सोडले तर कार्ब्युरेटरमध्ये डिंक धरतो. स्टॅबिलायझर घालून १० मिनिटे इंजिन चालवा, किंवा टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडू द्या.

जिथे तापमान शून्याखाली जाते तिथे पंपात राहिलेले पाणी गोठून डोके फोडते, आणि हे नुकसान वॉरंटीत बसत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉलचे पंप अँटिफ्रीझ आवकेच्या तोंडातून ओढू द्या आणि बाहेर रंगीत द्रव दिसेपर्यंत चालवा. गन, लान्स (गनपुढची लांब नळी) आणि सरफेस क्लीनर यांनाही तोच द्रव पाजा. लोक पंप वाचवतात आणि गन विसरतात.

नोझल सगळी बाजूला काढा आणि दाबमापकावर एकेक तपासा. ज्यावर दाब ठरलेल्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त उतरतो ते फेकून द्या, मग ते दिसायला कितीही नवे असो. सरफेस क्लीनरची जोडी बदलताना दोन्ही एकदम बदला. एक नवे, एक झिजलेले असले की दांडा डगमगत फिरतो आणि बेअरिंग जाते.